सरबताचा पेला आणि रहिमतपूरची जमनाबाई

रहस्यकथेचा नाद नसलेली बाई विरळाच. भाजी निवडता निवडता टीव्हीवरचा खुनी कोण ते आपण पोलिसांच्या आधी ओळखून मोकळ्या होतो. त्यातही विषाची गोष्ट असली की विचारायलाच नको. समुद्रकाठचं एखादं हॉटेल, रात्रीची मेजवानी, हसत-खिदळत बसलेली पाहुणेमंडळी. कुणीतरी पेला तोंडाला लावतो आणि तिथेच कोसळतो. मग गुप्तहेर येतो. पेले हुंगतो, नोकरांना खोदून खोदून विचारतो आणि शेवटच्या पानावर नेमक्या माणसाकडे बोट दाखवतो. आपण पुस्तक मिटतो आणि कुकर लावायला उठतो.

खऱ्या आयुष्यात शेवटचं पान इतकं सरळ नसतं. आज मी तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे ती खरी आहे, दीडशे वर्षांपूर्वीची आहे आणि आपल्या मराठी माणसांची आहे. तिच्यात समुद्रकाठ नाही, पण समुद्रकाठच्या मुंबईहून आलेले पोलीस आहेत. मेजवानी नाही, पण राजवाडा आहे, जवाहीर आहे आणि एक सरबताचा पेला आहे. त्या एका पेल्यापायी बडोद्याच्या राजाची गादी गेली. आणि ती गादी पुढे कुणाला मिळायची, त्यात साताऱ्याकडच्या एका तरुण विधवेच्या पसंतीला मोल आलं. तिचं नाव जमनाबाई. सयाजीराव महाराज आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहेत. त्यांना गादीवर आणणारी ही आई मात्र पुस्तकाच्या एखाद्या ओळीतच राहून गेली.

आधी माझ्या गावाचं सांगते, कारण त्याचाही एक धागा आहे. मी तळेगावची म्हटलं की बाहेरची माणसं लगेच विचारतात, पुण्याजवळचं का? नाही हो. आमचं तळेगाव श्यामजी पंतांचं, वर्धा जिल्ह्यातलं, आष्टी तालुक्यातलं, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. पुण्याजवळचं ते तळेगाव दाभाडे. हे दाभाडे म्हणजे छत्रपतींचे सेनापती आणि त्यांच्याच हाताखाली गायकवाड घराणं पुढे आलं. पुढे गुजरातेत जाऊन बडोद्याचे राजे झाले. म्हणजे राज्य गुजरातचं, पण वाड्यातली भाषा, सणवार, सोयरीक सगळं मराठी.

अशाच सोयरिकीतून जमनाबाई बडोद्याला गेली. तिचा जन्म १८५३ चा, सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या माने घराण्यातला. लहान वयात तिचं लग्न झालं ते थेट बडोद्याच्या खंडेराव महाराजांशी. खंडेराव १८५६ साली गादीवर आले होते. माणूस मोठा हौशी. कुस्त्या, हत्ती, जवाहीर यांचा शौक असा की मोत्यांनी मढवलेला गालिचा करवून घेतला, चांदीच्या तोफा ओतून घेतल्या. १८५७ च्या धामधुमीत त्यांनी इंग्रजांना साथ दिली होती, त्यामुळे सरकारदरबारी वजन होतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती जमनाबाईच्या कामी आली.

खंडेरावांना एक धाकटा भाऊ होता, मल्हारराव. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आपल्याला मारण्याचा कट केला या आरोपावरून खंडेरावांनी त्याला १८६३ साली पादऱ्याच्या कैदेत टाकलं. भावाचं राज्य चालू होतं आणि हा कैदेत वर्षं मोजत होता.

आणि २८ नोव्हेंबर १८७० ला खंडेराव वारले.

जमनाबाईचं वय तेव्हा सतरा-अठरा. पोटात बाळ. आपल्याकडे आजही नवरा गेलेल्या पोटुशी बाईकडे बघून लोक हळहळतात, आणि हळहळता हळहळता हिशेबही करतात, की आता मुलगा झाला तर घराचं काय आणि मुलगी झाली तर काय. तिथे तर अख्ख्या राज्याचा हिशेब होता. मल्हाररावांना कैदेतून काढून गादीवर बसवलं गेलं, पण एका अटीवर. जमनाबाईला मुलगा झाला तर गादी त्याची. म्हणजे बघा, राजवाड्यात राजा एक आणि त्याच्या राज्याला आव्हान काय, तर वहिनीच्या पोटातलं न जन्मलेलं मूल!

अशा वाड्यात त्या मुलीने रोज समोर येणारं ताट कसं जेवायचं? मला हा प्रश्न राहून राहून पडतो. बाळंत होईपर्यंत तिला इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारात नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, आवारात संरक्षणात ठेवलं गेलं. सासर राजाचं असून बाळंतपण परक्याच्या दारात. ५ जुलै १८७१ ला ती बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं नाव ताराबाई.

मल्हाररावांची गादी पक्की झाली. जमनाबाई लेकीला घेऊन बडोदा सोडून पुण्याला गेली. मुलगी झाली म्हणून आईला घर सोडावं लागल्याच्या कहाण्या आपण आपल्या आळीतही ऐकल्या आहेत. राणी झाली म्हणून तिच्या नशिबाची रीत काही वेगळी नव्हती.

इकडे मल्हाररावांच्या कारभाराच्या तक्रारी वाढत गेल्या. खंडेरावांच्या मर्जीतली माणसं एकेक करून तुरुंगात गेली. त्यांचे जुने दिवाण भाऊ शिंदे कैदेतच वारले आणि विष घातल्याचा बोलबाला झाला. शेतकऱ्यांवरचा सारा, लाचलुचपत, आणि घरंदाज बायकांना जबरीने वाड्यात लौंडी म्हणून ठेवल्याच्या तक्रारी. १८७३ साली इंग्रज सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमलं. त्यानंतर महाराजांना तंबी मिळाली, की १८७५ साल संपेपर्यंत कारभार सुधारा. कारभार सुधारायला दिवाण म्हणून आले साक्षात दादाभाई नौरोजी. पण महाराज एकीकडे, रेसिडेंट कर्नल फेअर दुसरीकडे आणि दादाभाई मधल्यामध्ये. फेअर साहेबांचं आणि महाराजांचं जराही पटत नव्हतं. महाराजांनी १८७४ च्या मे महिन्यात लक्ष्मीबाईंशी लग्न केलं, त्या लग्नालाही साहेब गेले नाहीत. ऑक्टोबरात लक्ष्मीबाईंना मुलगा झाला. वाड्यात आनंदीआनंद. २ नोव्हेंबरला महाराजांनी सरकारला पत्र धाडलं, की हा रेसिडेंट आम्हाला नको, दुसरा द्या.

आणि बरोबर एका आठवड्याने तो पेला आला.

९ नोव्हेंबर १८७४, सोमवारची सकाळ. फेअर साहेब रोजच्यासारखे फिरून आले. त्यांच्या खोलीत रोज सकाळी पपनसाच्या रसाचं सरबत ठेवलेलं असे. पपनस म्हणजे आपल्या संत्र्याच्याच भाऊबंदातलं, पण डोक्याएवढं फळ. आमच्या आष्टी-कारंज्याकडे संत्र्याच्या बागा आहेत, म्हणून चटकन सांगता येतं. साहेबांनी दोन-तीन घोट घेतले. थोड्या वेळात मळमळायला लागलं, डोकं भणभणलं. त्यांना वाटलं सरबतच बिघडलं असेल, म्हणून त्यांनी पेल्यातलं उरलेलं बाहेर फेकून दिलं. पेला खाली ठेवताना बघतात तो तळाशी काळपट गाळ. मग ते चमकले. तो गाळ लगेच रेसिडेन्सीच्या डॉक्टरांकडे, डॉक्टर सीवर्ड यांच्याकडे गेला आणि पुढे मुंबईला सरकारी रसायन तपासनिसाकडे. त्यात निघाला सोमल, आणि त्याच्या जोडीला हिऱ्याची पूड.

सोमल म्हणजे आर्सेनिक. पांढरी भुकटी. उंदीर मारायला पूर्वी सर्रास वापरत. त्याला ना वास, ना म्हणण्यासारखी चव. म्हणून जगभरच्या विषाच्या गोष्टींत हाच पहिला. पोटात गेलं की उलट्या, जुलाब, कळा. त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, घरोघर असे. तिचीही लक्षणं तशीच. त्यामुळे किती सोमलबळी पटकीच्या खात्यावर जमा झाले असतील ते देवच जाणे. पण १८३६ साली जेम्स मार्श नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाने अगदी कणभर सोमलही पकडता येईल अशी रीत शोधून काढली होती. त्यामुळे १८७४ साली पेल्यातला गाळ बोलू शकला. हिऱ्याच्या पुडीचं मात्र निराळं. हिरकणी गिळली की माणूस मरतो असं आपण गोष्टींतून ऐकत आलो. हिरा रक्तात विरघळत नाही, त्यामुळे सोमलासारखं ते विष नव्हे. पण राजवाड्यांतून तो समज पक्का होता. आणि पोलिसांना त्याचा एक फायदा झाला. सोमल बाजारात कुणालाही मिळेल. हिऱ्याची पूड कुणाकडे असणार? बोट आपोआप वाड्याकडे वळलं.

फेअर साहेबांची काही दिवसांतच बदली झाली आणि त्यांच्या जागी सर लुईस पेली आले. तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सौटर आले. त्यांच्याबरोबर होते अकबर अली, अब्दुल अली आणि गजानन विठ्ठल. साहेब हुकूम देणार, पण नोकर-चाकरांची भाषा, त्यांच्या घरच्या अडचणी, कोण कुणाकडे उठतं-बसतं हे समजून घ्यायला हीच मंडळी. आपल्या मालिकांमधले इन्स्पेक्टर आठवा, तशीच ही जुनी फौज.

त्यांनी सुरुवात केली ती रेसिडेन्सीच्या नोकरांपासून. पेल्यापर्यंत कुणाचे हात पोचत होते? बटलर, हमाल, पट्टेवाले, आणि साहेबांच्या घरची आया अमिना. ही अमिना रात्री-अपरात्री वाड्यावर जाऊन महाराजांना भेटून आल्याचं बाहेर आलं. मग पट्टेवाल्यांचा हवालदार रावजी सापडला. तो अंगावर दागिने, हातात पैसे असा एकाएकी सुधारला होता. डिसेंबरच्या शेवटी रावजीने कबुली दिली, की वाड्यातून मिळालेली पुडी आपणच पेल्यात टाकली. त्याला माफी देऊन साक्षीदार केलं गेलं. आणि त्यानंतर त्याच्या पट्ट्यात, अगदी शिवणीत, सोमलाची एक पुडी सापडली. ती अकबर अलींच्या हाताला लागली. नरसू नावाच्या जमादारानेही कबुली दिली. या नरसूला पस्तावा इतका झाला, की धाकाने म्हणा, त्याने रेसिडेन्सीच्या विहिरीत उडी घेतली. त्याला वर काढलं. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांना पहाऱ्यात ठेवलं होतं. तेही अखेर माफीचे साक्षीदार झाले आणि सोमल नि हिरे कसे मिळवले ते सांगू लागले.

१८७५ च्या जानेवारीत मल्हारराव महाराजांना अटक झाली. राजाला अटक! देशभर खळबळ उडाली. पुण्या-मुंबईपासून बंगालपर्यंत वर्तमानपत्रं भरून वाहू लागली. २३ फेब्रुवारीला चौकशी सुरू झाली. सहा जणांचं मंडळ बसलं. तिघे इंग्रज, त्यांत बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच अध्यक्ष. तिघे आपले : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे जुने दिवाण सर दिनकरराव, मूळचे कोकणातले देवरुखचे. महाराजांनी विलायतेहून सार्जंट बॅलंटाईन नावाचे नावाजलेले बॅरिस्टर आणले. भरून ओसंडणाऱ्या त्या दालनात बॅलंटाईन साहेबांनी साक्षीदारांची जी उलटतपासणी घेतली, तिची चर्चा पुढे कित्येक वर्षं होत राहिली.

आता मैत्रिणींनो, तुम्हीच न्यायाधीश व्हा.

एका बाजूला गाळातला सोमल खरा. अमिनाच्या भेटी खऱ्या. नोकरांना वाड्यातून पैसे मिळत होते हेही खरं. दुसऱ्या बाजूला बॅरिस्टरांचे प्रश्न. विष घातलं म्हणणारे सगळे मुख्य साक्षीदार स्वतः गुन्ह्यात भागीदार. स्वतःची मान सोडवायला माणूस दुसऱ्याचं नाव घेणार नाही का? रावजीच्या पट्ट्यातली पुडी इतके दिवस तिथेच कशी राहिली, आणि ती नेमकी पोलिसांच्याच हाती कशी लागली? हिरे विकल्याचं ज्याने जबाबात सांगितलं होतं, तो जवाहिऱ्या साक्षीला उभा राहिल्यावर उलटला आणि आपल्याकडून जबाब जबरीने घेतला असं म्हणाला. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न. ज्या साहेबाची बदली करा म्हणून महाराजांनी आठवड्यापूर्वीच लेखी मागणी केली होती, त्यालाच ते विष कशाला घालतील? संशय सगळा त्यांच्यावर येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

निकाल काय लागला असेल? तीन विरुद्ध तीन. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवलं. आपल्या तिघांचं मत पडलं, की गुन्हा शाबीत होत नाही. पेल्यात विष होतं हे कळलं. ते घालायला कुणी लावलं ते कायद्याच्या भाषेत कधीच ठरलं नाही. शेवटच्या पानावर बोट दाखवलंच गेलं नाही.

मग महाराज सुटले का? नाही. १८७५ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्यांना गादीवरून काढलं आणि कारण दिलं ते विषाचं नाही, बेबंद कारभाराचं. त्यांच्या वंशाचा हक्कही संपवला. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या सहा महिन्यांच्या तान्ह्या मुलाचाही. मल्हाररावांना मद्रासेला धाडलं, तिथेच ते १८८२ साली वारले. त्यांचा कारभार वाईटच होता, त्याबद्दल दुमत नको. पण जे चौकशीत शाबीत झालं नाही त्याची सावली आयुष्यभर अंगावर घेऊन ते गेले. वाईट माणसालाही न केलेल्या, निदान शाबीत न झालेल्या गुन्ह्याची शिक्षा होऊ नये, एवढं तर आपण मान्य करू.

इथे मला आपल्याकडचं आठवल्यावाचून राहत नाही. आपल्या गावांमधून घरात कुणी अचानक गेलं, की तेराव्याच्या आत कुजबूज सुरू होते, की सुनेने काहीतरी खाऊ घातलं. माझ्या माहितीत एक घर आहे. सासरे रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. शवविच्छेदन झालं, तपासणीचा कागद आला. हृदयविकार. पण पाणवठ्यावर त्या बाईला पाहून बायका पदर सावरून बाजूला होत होत्या त्या होतच राहिल्या. कुणी तिच्या हातचा चहा घेईना. तिने एकदा मला विचारलं, की कागद आला तरी लोकांना पुरेना, तर आता मी आणखी काय आणू? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. स्वयंपाक बाईच्या हातचा, म्हणून संशयही बाईच्याच माथी. बडोद्यातसुद्धा आधी चौकशी झाली ती बटलरची नि आयाची, वाड्याचं नाव नंतर आलं.

आज निदान तपासाची वाट ठरलेली आहे. मृत्यू संशयास्पद वाटला तर पोलिसांना कळवायचं, शवविच्छेदन करवून घ्यायचं. पोटातल्या अवयवांचे नमुने, ज्याला व्हिसेरा म्हणतात, ते प्रयोगशाळेत जातात. आपल्याकडची तशी प्रयोगशाळा नागपूरला आहे. लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि सून अशी अचानक गेली, तर चौकशी झालीच पाहिजे असा कायदा आहे. म्हणजे जिच्यावर संशय घेतात ती सून आणि जिचा जीव जातो ती सून, दोघींनाही या तपासाचाच आधार. म्हणून तपास लपवू नये आणि तपासाआधी जीभ चालवू नये. आपल्या कपाशीच्या मुलखात घरोघरी फवारणीचं औषध असतं, ते कुलपात ठेवावं, पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. पुष्कळदा विष घालायला वैरी लागत नाही, बाटली चुकली तरी पुरतं.

आता परत जमनाबाईकडे वळू. ती पुण्यात होती. चार वर्षं झाली होती. ताराबाई चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर. आणि बडोद्याहून बोलावणं आलं. खंडेरावांनी १८५७ साली दिलेल्या साथीची आठवण ठेवून सरकारने त्यांच्या विधवेला मुलगा दत्तक घ्यायची परवानगी दिली होती. जिला मुलगी झाली म्हणून वाडा सोडावा लागला, तिच्याकडेच आता राजा निवडायचं काम आलं. अर्थात शेवटचा शिक्का सरकारचाच, हे विसरून चालणार नाही. पण आई म्हणून मांडीवर कुणाला घ्यायचं, ते तिने बघायचं होतं.

गायकवाडांची एक दूरची शाखा नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याला शेती करून होती. तिथली मुलं बडोद्याला आणली गेली. उन्हातान्हात गुरामागे वाढलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. त्यांना वाड्यात बोलावून विचारलं, तुम्ही इथे कशाला आलात? बाकीची गोंधळली. मधला गोपाळ मात्र बेधडक बोलून गेला, की मी राज्य करायला आलोय. ही हकिकत घरोघर सांगितली जाते. मला मात्र त्या मुलापेक्षा समोर बसलेल्या बाईचं कौतुक वाटतं. तिने चेहरामोहरा पाहिला असेल, कुळी पाहिली असेल, तसा धीटपणाही पाहिला असेल. ज्या वाड्यात माणसं भीतीने गप्प राहायची, त्या वाड्यात तिला न घाबरता बोलणारं पोर हवं होतं, असं मी माझ्या मनाशी समजते.

२७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं. आई बावीस वर्षांची आणि मुलगा बारा वर्षांचा! गोपाळचे सयाजीराव झाले. अक्षरओळखही नव्हती, ती इथून सुरू झाली. कारभाराला दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले, मुलाला शिकवायला इलियट साहेब आले. सकाळी तालीम, मग अभ्यास, मराठी, गुजराती, इंग्रजी, हिशेब. १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचं लग्न झालं. ताराबाईचं लग्न सावंतवाडीच्या राजघराण्यात झालं. ज्या मुलीच्या जन्माने आईचं घर सुटलं होतं, ती लेक आता राजाची बहीण म्हणून सासरी गेली. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांनी राज्याची सूत्रं पूर्णपणे हाती घेतली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. वयाच्या बाराव्या वर्षी ज्याने पाटीवर पहिलं अक्षर काढलं, त्याने १८९३ साली आपल्या राज्यातल्या अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, आणि १९०६ साली सबंध राज्यात. मुलांसाठी तसंच मुलींसाठीही. गावोगाव वाचनालयं काढली. १९१३ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले ते त्यांच्याच शिष्यवृत्तीवर. जमनाबाईंनी यातली सुरुवात पाहिली. १८९८ साली त्या वारल्या, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्या नावाचं रुग्णालय बडोद्यात आहे.

जमनाबाईंनी स्वतः शाळा काढल्या नाहीत, भाषणं केली नाहीत. त्यांचं नाव लढाईत नाही की ग्रंथात नाही. म्हणून इतिहास त्यांच्यावरून पटकन पुढे जातो. पण त्या वाड्यात दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या, त्या शेजारी शेजारी ठेवून बघा. मोठमोठे पोलीस, न्यायाधीश, बॅरिस्टर, राजे एकत्र बसले आणि एका पेल्याचं कोडं त्यांना सुटलं नाही. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी एका बावीस वर्षांच्या विधवेने एका गावंढळ पोराला पसंत केलं, आणि तिची निवड चुकली नाही. तिला सूड घ्यायला पुष्कळ कारणं होती. ज्या माणसाच्या भीतीने दुसऱ्याच्या दारात बाळंत व्हावं लागलं, तो कैदेत गेलाच होता. परत येऊन तिने जुनी उणीदुणी काढत बसायचं ठरवलं असतं, तर त्या पोराला राजा नाही, आणखी एक मल्हारराव व्हायला वेळ लागला नसता. तिने त्याला पाटी-पेन्सिल धरू दिली.

आमच्या भिशीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एकीने शेवटी विचारलंच, मग विष घातलं तरी कुणी? ठाऊक नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. पण बाकीच्यांचं बोलणं कुठे गेलं सांगू? ताराबाईऐवजी मुलगा झाला असता तर सयाजीराव झालेच नसते, यावर! मुलगी झाली म्हणून ज्या दिवशी वाड्यात कुणी साखर वाटली नसेल, त्या दिवसाचे उपकार पुढे लाखो मुलींच्या शाळेवर झाले. आता कुणाच्या घरी लेक झाल्यावर तोंडं उतरली, तर आम्ही तळेगावच्या बायका त्यांना रहिमतपूरच्या जमनाबाईची गोष्ट सांगतो. तुम्हीही सांगून पाहा.